डबा धुवून पाठवू नका : जळगावातल्या पेशंटच्या डब्याचा सहा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ४ स्टार. एक स्टार रविवारचा आणि थोडा भाकरीचा कापलाय, ते पुढे येईलच. नाव आणि नंबर टाकू नका असं ताईंनीच सांगितलंय, कारण पंधराच्या वर डबे त्या घेत नाहीत आणि नंबर पसरला की लोक रात्री अकराला फोन करतात. म्हणून रिंग रोडच्या बाजूला घरून डबा करणाऱ्या ताई एवढंच लिहितो, डायलिसिसला बसणाऱ्या चार लोकांना विचारलं तरी कोण ते कळेल.

डबा कोणासाठी ते आधी सांगतो, नाहीतर हा माणूस दुधीच्या भाजीवर एवढं का लिहू राहिला असं वाटेल. नाना म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते, जुन्या गाड्या, पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही, वळण घेताना दोन्ही हातांनी चाक ओढायचं. मनगट असं की माझ्या एका हातात मावायचं नाही. बीपीने किडन्या खाल्ल्या आणि मागच्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास डायलिसिस चालू झालं, आठवड्यातून दोन वेळा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं म्हणून डायलिसिसचा खर्च सुटला, नाहीतर प्लॉट विकायची वेळ होती.

पण डायलिसिस चालू झालं आणि जेवण गेलं. म्हणजे अगदी गेलंच. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे, "माले नको वं, पोट भरी गय" म्हणायचे आईला. तोंडाला लोखंडाची चव लागते म्हणायचे, वरणात पण लोखंड, पोळीत पण लोखंड. आईने काय काय नाही केलं, शेवभाजी केली, पातोड्यांची भाजी केली, जे जे त्यांना आवडायचं ते सगळं, आणि सगळं परत भांड्यात. घरात रोज एकच भांडण, खा ना, नको ना. मी पण ओरडलोय, खोटं कशाला बोलू. मला वाटायचं माणूस हट्ट करू राहिला, मन मारून चार घास खायला काय जातं. नंतर डॉक्टरांनी समजावलं की हा हट्ट नाही, रक्तात जी घाण साचते ती भुकेवरच घाव घालते, अंगात आतल्या आत सूज असते ती मेंदूला सांगते जेवू नको, आणि वरून रक्तात आम्ल वाढतं तर शरीर स्वतःचेच स्नायू तोडून खायला लागतं. म्हणजे माणूस जेवत नाही आणि शरीर मात्र जेवतंय, त्यालाच. कॅन्सर, टीबी, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाच्या जुन्या आजाराचे पेशंट, हार्ट फेल्युअर, सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच चालतं म्हणे, त्याला कॅकेक्सिया म्हणतात, आणि किडनीवाले त्याला प्रोटीन एनर्जी वेस्टिंग म्हणतात. रात्री मोबाईलवर वाचत बसायचो तेव्हा एक गंमत कळली, टीएनएफ नावाचा जो सूज वाढवणारा पदार्थ आहे त्याचं आधीचं एक नाव कॅकेक्टिन होतं, माणसाला वाळवणारा म्हणून, आणि दोन्ही एकच आहेत हे १९८५ ला कळलं. असो.

आता आमची चूक सांगतो. डायलिसिसच्या आधी एका ठिकाणी दाखवत होतो तिथून आहाराची एक चिठ्ठी मिळाली होती, डाळ कमी, पनीर बंद, प्रोटीन मोजून. ती आईने फ्रिजवर चिकटवली. तेव्हा ते बरोबरच होतं, डायलिसिस नसताना किडनीवर भार नको म्हणून प्रोटीन कमीच देतात, किलोमागे साधारण ०.६ ग्रॅमच्या आसपास. पण डायलिसिस चालू झालं की हिशोब उलटा होतो, प्रत्येक वेळी मशीनमधून रक्तातले अमिनो अ‍ॅसिड पण निघून जातात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे जवळपास दुप्पट. हे आम्हाला ना कोणी नीट सांगितलं ना आम्ही विचारलं. चार महिने ती जुनी चिठ्ठी फ्रिजवर तशीच आणि आई बिचारी इमानदारीने वाटीभर वरणातलं पाणी वाढत होती. तुमच्या घरी अशी चिठ्ठी असेल तर आज तिच्यावरची तारीख बघा.

आणि वजन? वजन ५६ च. दर वेळी काट्यावर ५६. आम्ही खूश, खात नाही पण वजन तर टिकलंय. घड्याळ मात्र मनगटावरून कोपरापर्यंत सरकायचं, कानशिलाजवळ खड्डे पडले होते, अंगठ्याच्या खालचा जो मांसाचा फुगा असतो ना तळहाताला तो बसला होता. काटा ५६ कसा दाखवतो मग? तर पाणी. स्नायू जात होते आणि त्या जागी पाणी भरत होतं, काट्याला काय कळतंय मांस कुठलं न् पाणी कुठलं. एका रात्री दम लागला, उशी लावून बसून काढली रात्र, मग डॉक्टरांनी हळूहळू पाणी काढत काढत ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ५२ वर आणलं. ५२ किलोचे नाना पहिल्यांदा दिसले तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन बसली.

तेव्हा डायटिशियन मॅडमकडे गेलो. त्यांनी हातात एक दाबायचं मशीन दिलं, जोर लावून १७ किलो आलं. आपल्याकडच्या पुरुषांना २८ च्या खाली म्हणजे कमी धरतात. मग खुर्चीवरून हात छातीशी धरून पाच वेळा उठबस, १२ सेकंदाच्या आत व्हायला पाहिजे, नाना तिसऱ्यालाच हात टेकवून थांबले. ज्या माणसाने घाटातून गाड्या काढल्या तो खुर्चीतून उठेना.

मधे पावडरचं पण एक प्रकरण झालं ते थोडक्यात. मेडिकलवाल्याने ताकदीची म्हणून एक डबा दिला, साडेनऊशेचा, व्हॅनिलाचा. मी पण बघितलं नाही, घेऊन आलो. मॅडमनी मागचं लेबल वाचलं तर पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर, जे बिघडलेली किडनी बाहेर टाकू शकत नाही, ती साध्या अशक्त माणसाची पावडर, किडनीवाल्याची वेगळी येते. अर्धा डबा अजून वर ठेवलाय. आणि एक शेजारी सांगून गेले की मीठ बंद आहे ना तर लो सोडियम मीठ वापरा. नका वापरू. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि डायलिसिसवाल्याला ते हृदयावर येतं.

पोटॅशियमवरून आठवलं, केळीच्या जिल्ह्यात राहून केळं बंद हे दुःख बाहेरच्याला कळणार नाही. रावेरचे पाहुणे येताना फणी घेऊन येतात आणि नाना नुसता वास घेतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी आल्या, आमरस झाला, सगळ्यांचं लक्ष चुकवून दोन वाट्या रस प्यायले, पुढच्या रिपोर्टला पोटॅशियम ६.२. डॉक्टर आमच्यावर जे तापले ते तापले.

त्यानंतर जूनमध्ये डबा लावला. डायलिसिसच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या एका काकूंनी ताईंचं सांगितलं. ताईंचे मिस्टर स्वतः सहा वर्षं डायलिसिसवर होते, ते गेले, मग ताईंनी हे चालू केलं. पहिला फोन केला तर मला वाटलं भाव सांगतील, त्यांनी आधी विचारलं शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट किती तारखेचा आहे, लघवी किती होते, डायटिशियनचा कागद आहे का. कागदाशिवाय डबा नाही म्हणाल्या, मी डॉक्टर नाही भाऊ, कागदावर जे आहे ते मी चवीला आणते एवढंच. मग शेवटी म्हणाल्या, आणि एक, डबा धुवून पाठवू नका.

मला वाटलं पाण्याचं काही असेल. जळगावात पाणी दोन-तीन दिवसाआड येतं तर माणूस असंच समजणार. पण तसं नाही. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा घासून पुसून, जमलं तर दोन लाडू घालून परत करायची पद्धत, आईला तर ते पचेचना, उष्टा डबा लोकाच्या घरी पाठवायचा म्हणजे काय. ताईंचं म्हणणं, तुम्ही फोनवर सांगता जेवले जेवले, डबा खरं सांगतो. संध्याकाळी पोरगा डबे परत आणतो तेव्हा त्या एकेक उघडून बघतात आणि वहीत लिहितात. मी एकदा घरी गेलो तेव्हा ती वही बघितलीय, शाळेची दोनशे पानी, प्रत्येक पेशंटला चार पानं, आणि त्यात असं लिहिलेलं : मंगळ, फुणके ३ दिले १ परत, कढी संपली, भात अर्धा. बुध, भाकरीच्या कडा परत. त्या कडांवरून त्यांनी फोन केला, नानांचे दात बघा, कवळी ढिली झाली असेल. आणि खरंच झाली होती. मांस गेलं की हिरड्या पण बसतात, कवळी हलते, माणूस कडक काही चावत नाही, आणि आम्ही सहा डोळे घरात असून कोणाला दिसलं नाही.

जेवणाचं सांगतो. आपलंच जेवण असतं हे सगळ्यात महत्वाचं, दवाखान्याचं पांचट नाही. फुणके ताईंचे एक नंबर. तूरडाळ रात्री भिजवतात, ते पाणी ओतून देतात, जाडसर वाटून लसूण जिरं कोथिंबीर घालून वाफवतात, मीठ नावाला. पाणी ओतल्याने पोटॅशियम थोडं जातं आणि प्रोटीन बऱ्यापैकी राहतं, चार फुणक्यात साधारण ४० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे ८-९ ग्रॅम प्रोटीन आलं. सोबत कढी पण अगदी छोट्या वाटीत, कारण कढी पण पाण्यातच धरायची, नानांना दिवसभरात लघवी जेवढी तेवढं अधिक अर्धा लिटर एवढंच पाणी आहे. (जळगावचा मे महिना, बाहेर ४५, आणि माणसाला एवढं मोजून पाणी. त्याच्यावर काय लिहू.) भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून मग फोडणी. चव जाते ना, तर ती परत आणायला लिंबू, लसूण, जिऱ्याची पूड, थोडी मिरची. लोखंडाच्या चवीवर आंबट चालतं हे त्यांना मिस्टरांमुळे माहीत, आणि गरम वास आला की मळमळतं म्हणून भाजी कोमट झाल्यावर भरतात, आणि स्टीलचा चमचा देऊ नका, लाकडी नाहीतर प्लास्टिकचा द्या असं सांगितलं. आम्हाला हे खरं वाटलं नव्हतं पण नाना म्हणाले फरक पडतो, तर पडतो.

थंडी लागल्यापासून आठवड्यातून एकदा भरीत पण येतं. वांगं त्यातल्या त्यात चालणाऱ्या भाज्यांतलं, शेंगदाणे मात्र ताई घालत नाहीत आणि देतात चार चमचेच, कळण्याच्या भाकरीच्या चतकोराबरोबर. शेतातल्या भरीत पार्टीत बादलीने भरीत खाल्लेल्या माणसाला चार चमचे, पण त्या दिवशी डबा चाटूनपुसून जातो.

अंड्याचं विचाराल तर ज्यांना चालतं त्यांना रोज दोन-तीन अंड्यांचा पांढरा भाग देतात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. नाना माळकरी. डॉक्टर म्हणाले होते अंड्याचा पांढरा भाग घ्या, एकात साडेतीन ग्रॅम चांगलं प्रोटीन आणि फॉस्फरस जवळपास नाही, याच्यासारखं काही नाही. नाना म्हणाले, मग माळ काढू का? डॉक्टर गप्प बसले, आम्ही पण. ताईंनी तो विषय काढलाच नाही, वहीत नावापुढे तुळशीमाळ एवढंच लिहिलंय आणि संध्याकाळच्या डब्यात घरच्या पनीरची भुर्जी वाढवली, मॅडमला विचारून, फॉस्फरसची गोळी (अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारी) जेवतानाच घ्यायची या अटीवर. ती गोळी जेवणाआधी तासभर किंवा नंतर घेतली तर उपयोग नाही, अन्नात मिसळायला पाहिजे, हे पण आम्हाला ताईंनीच सांगितलं. आता डब्याच्या झाकणावर गोळी चिकटपट्टीने लावलेली येते.

डबे पण तीन नाही, पाच पाठवतात, छोटे छोटे. मोठं ताट बघूनच नानांचा जीव घाबरायचा. एक डबा साडेअकराला, एक दोनला, असं. डायलिसिसच्या दिवशी भूक सगळ्यात कमी असते, त्या दिवशी फक्त दहीभात आणि फुणके, बाकीचं दुसऱ्या दिवशी भरून काढायचं. सेंटरवर मशीन चालू असताना खाऊ देत नाहीत, बीपी पडतो म्हणून, त्यामुळे घरी येऊन झोपून उठल्यावरच काय ते.

आता तक्रारी. रविवार बंद. आजाराला रविवार नसतो, पण ताईंना असतो आणि असू पण दे, फक्त शनिवारी काहीतरी टिकणारं जास्तीचं दिलं तर बरं, मी दोन वेळा बोललो, हो म्हणतात आणि राहून जातं. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत पापड होते, ढिल्या कवळीवाल्याला ती काय कामाची, शेवटी आम्ही ताजी घरीच टाकतो. दुधी आठवड्यात तीनदा. आणणारा पोरगा चांगलाय पण डायलिसिसची शिफ्ट बदलून दुपारची झाली तर चार वाजता डबा देणार नाही, साडेअकरालाच देतो, मेमध्ये लावला असता तर आंबून गेला असता. पैसे पंधरा दिवसांचे आगाऊ, एका वेळचे १२० आणि दोन्ही वेळचे २२० रुपये, आणि नाना चार दिवस अ‍ॅडमिट होते त्याचे दोनच दिवस वळते केले, आदल्या दिवशी रात्री आठच्या आत सांगायला पाहिजे म्हणे. आता इमर्जन्सी आठच्या आत सांगून येते का. टीबीवाल्यांना निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये तरी मिळतात, आपला डबा सगळा खिशातून, महिन्याला साडेपाच-सहा हजार. मी एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे, मला ते जाणवतात.

फरक पडला का? पडला, पण सगळं डब्याने झालं असं लिहिलं तर खोटं होईल. जुलैमध्ये डॉक्टरांनी डायलिसिस दोनाचं तीनदा केलं, चार-चार तास, आणि रक्तातलं आम्ल कमी करायला सोड्याची गोळी चालू केली, आणि माझ्या मते भुकेचं निम्मं काम त्यानेच झालं. नुसतं भरवून मांस येत नाही हे पण मॅडमनी सांगितलं होतं, हालचाल पाहिजेच, म्हणून सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठबस, पाण्याची अर्धी भरलेली बाटली फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला केलेली शीर) नसलेल्या हातात घेऊन वर-खाली, जिन्याच्या चार पायऱ्या. ड्राय वेट आता साडेत्रेपन्न, अंगावर जास्तीचं पाणी नसताना. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) ३.१ होतं ते ३.४ झालं, डॉक्टर म्हणाले नुसत्या याच्यावर जाऊ नका, अंगात ती आतली सूज असली तरी हे खाली येतं. हाताचं मशीन १९. म्हणजे २८ अजून लांब आहे आणि बहुतेक येणार पण नाही. उठबस मात्र पाच होतात, अठरा सेकंदात, शेवटच्या दोन वेळा एसटीतल्या शिव्या देत.

पण अकरा वाजले की दाराकडे बघतात आणि पोरगा दिसला की विचारतात, "आज काय शे डबामा?"

मागच्या गुरुवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला. मला वाटलं पैशाचा. म्हणाल्या, भाऊ, दुपारच्या डब्यात कैरीच्या लोणच्याची कोय आहे, लोणचं मी दिलं नव्हतं. मी नानांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले. विचारलं तर डोळे न उघडता म्हणाले, "मी नही खादं." शुक्रवारी मशीनला लावताना काट्यावर तीन किलो पाणी जास्त निघालं, तहान लागलीच असेल रात्रभर. बरणी आता आईने माळ्यावर टाकलीय. ताईंनी वहीत काय लिहिलं ते मी अजून बघितलं नाही.